तिसरा वाटा

बोंडू उन्हात आंबू लागले की वानरं खाली उतरतात.
हे मात्र उताणं पडलेलं,
मूठ अर्धी उघडी.

सांगायला हवं होतं. आशाताई दोनदा येऊन गेली:
वानर मेलेलं दिसलं तर फोन करा, जवळ जाऊ नका,
हातापायांना तेल चोळल्याशिवाय बागेत शिरू नका.
तेलाची बाटली कोनाड्यात आहे. उग्र.
बीला वास लागला तर व्यापारी भाव पाडतो
(असं शेवंती म्हणते, खरंखोटं तिला ठाऊक).

फोन केला असता तर बूटवाले आले असते,
पावडर मारून आठ दिवस बाग बंद.
बाग आमची नाही.
वेचू त्यातला तिसरा वाटा आमचा,
आणि आठ दिवसांत बी मातीत काळी पडते.

म्हणून सुका पातेरा ओढला त्याच्यावर,
काठीने, लांबूनच. तेवढी अक्कल होती.

सहाव्या दिवशी गणू तापला.
आंघोळ घालताना घोट्यापाशी
तिळाएवढं काहीतरी चिकटलेलं. मी नखाने काढून
चुलीत टाकलं होतं, विसरूनही गेले होते.

आता बांबोळीला, त्याच्या उशाशी.
हिरड्यांतून येतं ते मी पदराने टिपते.
डॉक्टरीण विचारते, घराजवळ, बागेत, कुठे वानर मेलं होतं?
तिसऱ्यांदा विचारते.

हो.
वरच्या अंगाला, फणसाच्या मुळाशी, पातेऱ्याखाली.
लवकर फोन लावा, बाई.
माझ्या जागी आज शेवंती वेचतेय तिथे,
अनवाणी.