ठिबक

हतनूरच्या पाण्यातून निघालो, सायकलीवर बसलो,
सावदा येईतो अंग वाळलं.
सीटमागे दोन बाटल्या, चुडामणने वेल्डिंग केलेल्या जाळीत,
एक पुढे, नळीची, हनुवटीखाली.
मीठ, लिंबू, गूळ.
चव घामासारखीच.

निंभोऱ्याच्या खड्ड्यात मागची एक उडाली.
वळलो नाही. नव्वद किलोमीटर उरलेले,
आणि नंतर पळायचंय.

डाव्या हाताला केळीची बाग.
काळ्या नळीतून थेंब, मग थेंब.
चैत्रात मीच जोडलेली ही लाइन,
मालकाला म्हणालो होतो,
भाऊ, पानं माना टाकतील तोवर थांबू नका,
आणि एकदम सोडूही नका. मुळं हळू पितात.

घड्याळ वाजलं. पंधरा मिनिटं झाली.
तहान नव्हती.
हनुवटीखालची नळी ओठांत धरली.