काटा

साखळीच्या वाचनालयामागे एक सभागृह आहे,
तिथे दर शुक्रवारी साडेसहाला पडदा लागतो.
पडदा म्हणजे कायतान मेस्त लग्नांना भाड्यानं देतो
ते टेबलावरचं पांढरं कापड.
कोपऱ्यात सोरपोतेलचा डाग आहे,
त्यामुळे उत्तर ध्रुवावरही डाव्या हाताला
एक तपकिरी ढग कायम असतो.

एक शुक्रवार निसर्गाचा, एक तुर्कांचा.
हा क्रम बाबुसो प्रियोळकरानं लावला.
म्हणतो, एकाच चवीनं तोंड मरतं.

मी बत्तीस वर्षं खाणीच्या काट्यावर होतो.
ट्रक चढायचा, सुई थरथरायची, मी आकडा लिहायचो.
माती कधी बघितली नाही. मातीचं वजन बघितलं.

म्हणून मला ते माहितीपट आवडतात
ज्यांत कॅमेरा नुसता थांबतो.
एक बाई गुडघाभर चिखलात वाकलेली, शिंपल्या शोधतेय;
दोन मिनिटं कोणी काही सांगत नाही, संगीतही नाही,
आणि तिसऱ्या मिनिटाला कळतं
की शिंपल्या कधीच संपल्यात,
हातांना अजून कोणी सांगितलेलं नाही.
बर्फाचे कडे कोसळतात ते मला एवढं नाही भिडत.
बर्फ काय, कोणाचाही असतो.
पण कुठल्याशा देशातली लाल पाण्याची नदी,
काठावर पत्र्याची खोली, खिडकीत एक कारकून,
शिक्का उचलतो, मारतो, वर बघत नाही.
तीन सेकंद असेल.
कुमुदनं माझ्याकडे पाहिलं नाही.
सुपारी कातरत राहिली, ते बरं केलं.

पुढच्या शुक्रवारी तुर्क.
रंग उडून सगळं जग पिकल्या पपईसारखं झालेलं,
आवाज ओठांच्या अर्धं पाऊल पुढे.
बनियनवरचा बाप ओरडतो, सहा मुलगे पळतात,
आई चप्पल फेकते, आणि नेम थेट माझ्या आईचा.
घरमालक घर खाली करायला येतो नि जेवून जातो.
कंबर आवळलेल्या पेल्यांतून चहा, चहा, परत चहा.
खालच्या इंग्रजी ओळी कुमुदला वाचता येत नाहीत;
ती आधी हसते. मी वाचून हसेपर्यंत
विनोद गल्लीच्या टोकाला पोचलेला असतो.

तिनंच पकडलं एकदा: ‘अहो, हा हवा म्हणाला!’
मग दुन्या. मग साबुन.
मग पेर्दे, म्हणजे हाच आपला, डागाचा.
मी दचकलो ते हेसापला.
दुकानदार वही काढून हेसाप म्हणतो
आणि तो गरीब बिचारा खिसे उलटे करतो,
एकातून चमचा, एकातून कोंबडीचं जिवंत पिल्लू.
सभागृह आडवं झालं.
मीही हसलो, डोळ्यांत पाणी येईस्तोवर,
आणि आलं ते थांबेना.
चौदा टन असायचं. मी दहा लिहायचो.
दिवसाला किती ट्रक, ते अजून तोंडपाठ आहे.

तुर्कांचं एक असतं,
चोरी सापडली की माणूस लाजतो,
सगळे त्याच्यावर तुटून पडतात,
आणि मग त्याच्यासाठी पाट, म्हणजे खुर्ची, सरकवतात.
माहितीपटात तसं होत नाही.
तिथे शेवटी काळ्यावर पांढरा आकडा येतो
आणि दिवे लागतात.
मला दोन्ही शेवट हवेत.
कोणता आधी, ते ठरत नाही.

परतताना पुलावर थांबलो.
वाळवंटीत काळुंद्रं परत आलीत म्हणे, बाबुसो सांगतो.
अंधार होता, मला दिसली नाहीत.
पलीकडे शाणूच्या हॉटेलात पातळ भाजी, पाव.
कुमुदनं हात धुतले, गल्ल्याकडे वळली
आणि अगदी त्या दुकानदाराच्या आवाजात म्हणाली,
‘हेसाप?’
‘साठ,’ शाणू म्हणाला, जराही न अडखळता.

मी दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवले.
ती हसली, शाणूही.
मग दिले. मोजून, पुरते.