अर्धा लिटर

फब्रोनिया माझं नाव. मुकत्तमच्या डोंगराखाली
अख्ख्या कैरोचा कचरा आमच्या दारात येतो,
आणि मी बसते पाण्याच्या बाटल्या निवडत,
निळ्या टोपणाच्या इकडे, पांढऱ्या तिकडे.
एकेकीच्या तळाशी कुणाचा तरी घोट उरलेला,
प्यायचा राहून गेलेला.
मी तो मातीत ओतते. शेळी येऊन चाटते.

मला दिवसाला अर्धा लिटर.
औषधाच्या जुन्या बाटलीवर शनूदाने
पेन्सिलीने पाच रेघा मारून दिल्यात :
गोळ्यांना एक, जेवणाला एक,
उरलेल्या तीन माझ्या मर्जीच्या.
एवढीच आता माझी मर्जी.

तीन वर्षांची होते तेव्हा बापाने
मनगटावर क्रूस गोंदवून आणला.
अशी किंचाळले म्हणे, की जत्रेतली गाढवं बुजली.
आता त्याच हातावर, क्रुसाच्या चार बोटं वर,
शनिवारी, सोमवारी, बुधवारी
दोन जाड सुया जातात.
शीर फुगून दोरखंड झालाय.
कान लावला तर आत मधमाशी घुमते.
धाकटा रोज निजताना ऐकतो आणि विचारतो,
"आई, ही बाहेर कधी येणार?"

अबूना म्हणाले, देव ज्याच्यावर माया करतो
त्यालाच तावूनसुलाखून घेतो.
म्हटलं, अबूना, मग थोडी माया
त्या भाव पाडणाऱ्या प्लास्टिकवाल्यावरही करू दे की.
ते हसले. मग गप्प झाले.
मला त्यांचं गप्प होणं आवडलं.

तुझ्याशी मात्र मी भांडले, ख्रिस्ता.
जूनमध्ये पत्रा तापलेला, जीभ टाळूला चिकटलेली,
तुला नाही नाही ते बोलले.
काना गावच्या लग्नात सहा रांजण काठोकाठ भरवलेस,
शोमरोनी बाईला विहिरीपाशी बसून
जिवंत पाण्याच्या गोष्टी सांगितल्यास,
आणि माझ्याच वाट्याला पेन्सिलीच्या रेघा?
तू काही बोलला नाहीस.
मशीन तेवढं मधूनमधून ओरडत राहिलं.

शेजारच्या खाटेवर उम्म हिशाम असायची.
लिंबाची बी जिभेखाली कशी धरायची, ते तिने शिकवलं.
रमजानात डॉक्टर रोजा धरू देईनात तेव्हा रडली :
"तहान तर मला बारा महिने आहे, फब्रोनिया,
मग तो ही का नाही मोजत?"
मला उत्तर सुचलं नाही.
एका बुधवारी तिच्या खाटेवर नवी चादर होती.

उत्तम शुक्रवारी गुहेतल्या देवळात काळे पडदे.
सकाळपासून लोक उभे. मी खांबाला टेकून.
चाळीस वर्षं ऐकत आलेले तेच शब्द वाचले गेले,
"मला तहान लागली आहे",
आणि माझ्या हातातली मधमाशी
थांबल्यासारखी वाटली.

थांबली नव्हती. पण मला आठवलं,
विहिरीपाशीही आधी तूच मागितलं होतंस पाणी.
भर दुपारी, दमून, परक्या बाईपाशी.
भांडताना ते मी सोयीने गाळलं होतं.
तुझ्या बाटलीवर तर रेघासुद्धा नव्हत्या.

प्रार्थना संपली की आमच्यात
थोडी थोडी आंब देतात सगळ्यांना.
घशातून जाळत गेली.
घरी येऊन तेवढं पाणी
मी चौथ्या रेघेतून वजा केलं. हिशेब तो हिशेब.

उम्म हिशामच्या खाटेवर आता नेरमीन येते,
एकोणीस वर्षांची.
पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून होती,
ओठांना भेगा.
दुःखाचा अर्थबिर्थ मला सांगता येत नाही,
अबूनांनाही येत नाही, त्यांनीच कबूल केलंय.
मी पिशवीतून लिंबू काढलं, चिरलं,
एक बी पुसून तिच्या तळहातावर ठेवली :
"जिभेखाली धर. चावू नकोस."