जिथं जिथं चेंडू पडला

ग्रामपंचायतीनं सहा दगड दिले,
विहिरीच्या खोदकामातून उरलेले,
अन् चुन्याची अर्धी बादली.
जागा तुलेच माहीत हायेत, सरपंच म्हणाले,
चेंडू आनाले तूच पयत होता.

होतो. सातवी क, अनवाणी,
हातात तुरीची काडी, साप निघाला तर.
मैदान म्हणजे जिनिंगमागची पडीक.
बोबडे सरांनी अमरावतीहून एसटीच्या टपावर
एक बॅट आणली अन् नऊ हातमोजे,
नऊही डाव्या हाताचे.
मास्तराले फसवलं, गाव म्हणालं.
सरांनी राखेनं जमिनीवर चौकोन आखला, तिरपा,
शंकरपाळ्यासारखा,
अन् त्याच्या टोकावर कौतिका मसराम उभी केली.
भावाची हाफपँट. वेणी दोनदा गुंडाळून.

पहिला गुल्हान्याच्या तुरीत.
एकशे बारा पावलं, असं वहीत आहे.
आज मोजली तर चौऱ्याऐंशीच भरली.
मग परत आलो, अन् सातवीतल्या पावलांनी निघालो,
आखूड, आखूड, दगड खांद्यावर,
गुल्हाने धुऱ्यावरून पाहत राहिला,
काही बोलला नाही.

दुसरा सरकीच्या ढिगात शिरला.
हमालांनी फावडी टाकून हातानं उपसलं,
चेंडू फाटू नये म्हणून.
ढीग नाही आता, जिनिंगही नाही.
मोबाईलच्या टॉवरला कुंपण आहे,
त्याला टेकवून ठेवला.

तिसरा साडेचारच्या दिग्रस गाडीवर पडला,
टपावर, पोत्यांच्या मधात,
अन् गाडी गेली निघून.
दुसऱ्या दिवशी कंडक्टर सोनटक्क्यानं
खिडकीतून हात काढून दिला,
म्हणाला, याचं अर्धं तिकीट लागते.
बोबडे सरांनी वहीत लिहिलं: एकतीस किलोमीटर.
खाली सही केली.

चौथा, दारव्ह्याच्या पोरी आल्या होत्या तेव्हाचा,
बोडीच्या पाण्यात.
म्हैस हुंगत होती त्याला, मी पोहून गेलो.
दगड तिथंच टाकला, नेमका.
चुना थोडा वेळ पांढरा दिसला पाण्यात,
मग पाणीच दिसलं.

पाचवा लांब गेलाच नाही.
मैदानातच घरंगळला, दारव्ह्याच्या दोघी एकमेकींवर आदळल्या,
अन् कौतिका धावत सुटली,
पहिला, दुसरा, तिसरा,
सर ओरडत होते थांब, थांब,
ती थांबलीच नाही.
याचा दगड कुठं ठेवायचा?
तिच्या पायाखालची सगळी जमीनच त्याची जागा,
अन् दगड एक.
मी तो दुसऱ्या बेसपाशी ठेवला, उचलला,
पुन्हा तिथंच ठेवला.

सहावा मोहाच्या शेंड्यावरून गेला.
अंधार पडेस्तोवर शोधला मी,
पळसात, नाल्यात, लोकांच्या परसात.
राहू दे, सर म्हणाले,
एखादा चेंडू गावाकडं असू दे.

तर एक दगड उरला.

कार्यक्रमाला कौतिका स्कूटीवर आली.
पांढरकवड्याकडं वनरक्षक आहे, खाकीत,
कानाजवळचे केस पिकलेले.
सरपंचांनी तिला सगळीकडं फिरवलं, तूर, टॉवर, बोडी,
हे पाहा ताई, हे पाहा.
तिनं पाहिलं. मानही डोलावली.
शेवटी पडिकावर येऊन म्हणाली,
मी त इथंच होती बावा,
गेला थो चेंडू.

अन् यवतमाळले तीनदा हुकली होती मी,
लागोपाठ,
त्याचा कोठी हाय?

कोणी बोललं नाही.
माईकवाल्यानं उगाच फुंकून पाहिलं.
ती उरलेल्या दगडावर बसली,
बूट काढला, आतला खडा झटकला,
तळहाताकडं पाहत म्हणाली,
बॅटची मूठ लय खरबरीत होती,
रात्री भाकर मोडता ये नाही.
बोबडे सर असते त सांगितलं असतं.

मग भाषणं झाली. नारळ. चिवडा.
ऊन कलल्यावर ती निघाली,
पुढं जंगलातून जायचं होतं तिला.
खाकीला मागून ओला चुना लागला होता, हातभर,
आम्ही सगळ्यांनी पाहिलं,
कोणीच सांगितलं नाही.