बकलाची पापणी

राऊळ आला तो शर्ट वर करूनच.
म्हणाला, हौसाताई, हे बक्कल बघा,
ह्या एवढ्याशा पितळेनं
महिन्यात माझे चार बोर्ड नासवले.

कॅरमचा कारखाना त्याचा, शिवडीला, गोदीच्या मागं.
पॉलिश चढलं की तो वाकून हात फिरवतो,
डोळा बोर्डाला लावून उजेड तपासतो
आणि उठताना पोटाशी बारीक किर्र.
माणसाला रेघ दिसत नाही, म्हणाला. सोंगटीला दिसते.
राणी सरळ निघते नि तिथं येऊन
जरा विचारात पडते.

मी म्हटलं, मग नाडी बांध.
हसला नाही.
माप घेतलं. अडतीस,
अधिक गणपतीत वाढतील ते दोन.

धारावीत सगळं मिळतं, सबुरी सोडून.
म्हशीचं चामडं घेतलं, पाठीकडचं;
पोटाकडचं ताणतं, त्याचा भरवसा नाही.
आतून शेळीचं अस्तर. रिवेट एकही नाही.
बक्कल ठेवलं, पण डाव्या कुशीला सरकवलं
आणि वरून चामड्याचीच पापणी शिवली.
मिटली की आतला डोळा
पितळेचा आहे हे कळत नाही.

पहिला पट्टा फसला.
लोखंडाचा कण नव्हता बाहेर,
तरी फोटोच्या काचेवर रेघ उठली.
दोन दिवस शोधत होते.
गाठ निघाली दोऱ्याची,
मेण धरून खड्यासारखी झालेली.
उसवलं. गाठ दोन पदरांच्या मध्ये घेतली.
मग कड तासली, ओली केली,
लाकडानं घासत बसले सांजवेळेपर्यंत,
बांगड्या काढून, त्याही ओरखडतात.
एवढी वर्षं रांपी धरली हातात,
मऊ वस्तूलाही धार असते
हे आत्ता कळलं.

आता तपासायचं कशावर?
भाचा मोबाइल देईना.
पिकलेली पपई घेतली, अगदी उतरायला आलेली,
तिच्या गालावरून पट्टा ओढला, उलटा, सुलटा, बकलासकट.
पपईनं काही तक्रार केली नाही.
रात्री आम्ही ती खाल्ली.

बाबा लालबागला बसायचे, चाळीच्या जिन्याखाली.
वर गॅलरीत पोरं कॅरम मांडायची
आणि बाबांना हाक मारायची,
त्यांच्या डोळ्यात नेम होता.
बाबा उभ्यानं सांगायचे,
काळी घे. पातळ घे. कडेला लावून आण.
तुम्हीच मारा की, असं कुणी म्हटलं नाही.
बोर्ड नवा होता.
एकदा मी नुसती पावडर चिमटीत धरून बघितली,
तर कुणाची तरी आई फडकं घेऊन आली.
ओरडली नाही. पुसलं
आणि आत गेली.
बोर्डावर एवढासाही ओरखडा नव्हता.

शनिवारी पट्टा घेऊन मीच गेले शिवडीला.
राऊळनं चढवला, वाकला,
हात फिरवला ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत,
उठला.
आम्ही दोघं कान देऊन उभे.
बाहेर कुठंतरी ट्रक मागं घेत होते, तेवढंच.

मग त्यानं सोंगट्या लावल्या.
बसा, एक बोर्ड होऊन जाऊ दे.
माझ्या हाताला मेण आहे, मी म्हटलं.
पावडर आहे की, म्हणाला.

तळवा टेकला. गार होतं.
स्ट्रायकर मारला
तो सोंगट्यांना नुसता शिवून
सरळ पॉकेटात.
दंड, राऊळ म्हणाला. एक सोंगटी द्या.
द्यायला माझ्याकडं अजून एकही नव्हती.
मी म्हटलं, पट्ट्याच्या पैशातून वळती कर.

आता त्याची पाळी.
मधोमध पावडरीत माझ्या हाताचा ठसा,
पाच बोटं, अंगठ्याला टोच्याचा जुना व्रण.
फडकं त्याच्या खांद्यावरच होतं.
त्यानं ते घेतलं नाही.
मान तिरकी केली
आणि ठशावरूनच राणीचा नेम धरला.