उणे एक, अधिक एक

सावदा. दुपारचे सव्वातीन, लाइट नुकतीच आलेली.
टर्मिनलवर एक टेस्ट लाल.

केळीच्या लिलावाचा स्क्रीन :
त्याचं कालचं झाड मी ओळीओळीने फाइलीत उतरवून ठेवलेलं,
पोटात पोट, दोन-दोन स्पेस आत सरकत,
बटणाच्या जागी बटण,
आणि ते दाबल्यावर काय होतं
तिथे नुसता शब्द : फंक्शन.

आजचं झाड त्याच्याशेजारी उभं केलं.
एकशे बेचाळीस ओळी सारख्या.
एक उणे, लाल : भाव.
एक अधिक, हिरवी : आजचा भाव.
कोणी बदललं? मीच. गुरुवारी रात्री.

मागे खेमचंदमामा, हातात विळा, बाही चिकाने काळी.
"काय पाहू राह्यली वं, जागृती?"
सांगितलं.
"मंग चूक कोन्तं? जुनं का नवं?"

ते टेस्टला माहीत नसतं, मामा.
तिला फक्त वेगळं कळतं.

ते हसले. घड उतरलेलं खोड पाडून,
बुंध्याशी एक पिल राखून आले होते
आणि बागेला अजून तीच बाग म्हणत होते.

यू दाबायचा, की जुनं नवं होतं.
बोट कळीवर तसंच ठेवून
ती ओळ मी पुन्हा वाचली.