सतरा नंबर

मे महिना. अमरावती रोड दुपारचा रिकामा,
कूलरच्या ताटीतून वाळ्याचा वास,
आणि मी शहाण्णव खळग्यांच्या ताटलीवर वाकलेली.
रंग निळा टिकला तर जंतू मेले,
गुलाबी झाला तर जगले.
बाकी सगळीकडे गुलाबी म्हणजे तब्येत.
इथे तोच नको असतो.

क्षयाच्या जंतूचं हे निरुपद्रवी भावंड,
पण चाल घराण्याचीच, सावकाश.
एकाचे दोन व्हायला याला अख्खा दिवस लागतो.
आठवडाभर ताटली उबेत, आणि मी
बर्डीवरून भाजी, गॅसचा नंबर, आईचा फोन.

शनिवारी तिसऱ्या ओळीत
एक खळगा निळा.
वहीत लिहिलं : सतरा नंबर. साल, देवलापारकडची.
आणणारा गोमा मडावी.
झाडाचं नाव इथे सांगत नाही,
अजून सिद्ध काहीच नाही.

मग वेगळं करणं आलं.
सिलिकाच्या नळीतून थेंब थेंब,
पिवळा पट्टा, तपकिरी पट्टा,
दिव्याखालीच दिसणारा एक जांभळा.
बत्तीस कुप्या, प्रत्येकीवर माझं अक्षर.
पुन्हा ताटल्या, पुन्हा आठवडा.
बत्तीसच्या बत्तीस गुलाबी.

त्याच दिवशी गोमा आला, खांद्यावर पोतं,
उन्हापायी डोक्याला दुपट्टा.
सांगितलं त्याला. म्हणाला,
"तुमी त्याले फोडू फोडू इचारता,
कोनं मारलं, कोनं मारलं.
एकटा कोन कबूल करन?"

मी हसले. म्हटलं, मग काढाच बरा म्हणायचा.
तो हसला नाही.
"काढा पेला ना माह्या पोरीनं.
दोन पावसाळे पेला.
मेडिकलले नेली तवा
डाक्टर फोटो उजेडाकडं धरून उगाच उभा राहिला."
पोतं खाली टेकवलं, दोरी सोडली.
"म्हून तं आनतो तुमच्यापाशी."

सालीला ओल होती अजून.

रात्री चौथ्या कुपीतला थेंब अकराव्यात,
मग चौथ्यातला बाराव्यात.
बत्तीसच्या जोड्या चारशे शहाण्णव होतात,
तिघा-तिघांच्या मी मोजल्या नाहीत.
उबेचं दार लावलं.
पावती राहिलीच गोमाची :
साल, ओली, साडेतीन किलो.